पहिला डीएसएलआर: आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि संध्याकाळी घरात काढलेले तिचे मोबाइलवरचे फोटो हलतात, म्हणून पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायचा आहे. फिरायला गेल्यावर निसर्ग आणि पुढेमागे जमलं तर पक्षी टिपायचे आहेत. निकॉन डी ३५००, कॅनन १५००डी आणि कॅनन २००डी मार्क २ या तिघांत निवड अडली आहे. दोन लेन्सचा संच घ्यावा का, २४ मेगापिक्सेल पुरतील का आणि आता मिररलेस (आरसा नसलेला नव्या धाटणीचा कॅमेरा) सोडून डीएसएलआर घेण्यात अर्थ आहे का, हेही विचारलं आहे.

माझं पोट फोटोग्राफीवर आहे आणि नवशिक्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पहिला कॅमेरा घेणारे बहुतेक जण महिनाभर बॉडींची, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यांची, तुलना करतात आणि लेन्स मात्र खोक्यात जी येईल ती घेतात. तुमचा प्रश्नही त्याच क्रमाने आला आहे. मी उलट्या टोकाने उत्तर देतो, कारण तुमच्या मुलीचा फोटो हलणार की नाही हे या तीन बॉडींपैकी कुठली घेता यावर फारसं ठरत नाही. ते लेन्सवर ठरतं.

आधी ‘फोटो हलतो’ म्हणजे काय होतं ते पाहू. यात दोन वेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की माणूस चुकीची वस्तू विकत घेतो. पहिल्या दोषात कॅमेरा धरलेला हात हलतो, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळापासून चेहऱ्यापर्यंत सगळंच पुसट होतं. दुसऱ्यात हात स्थिर असतो, पण मूल हलतं. घड्याळ स्वच्छ दिसतं आणि चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा येतो. तुमचे जुने फोटो मोठे करून बघा. दोन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत बहुतेक फोटोंत दुसरा दोष सापडेल.

लेन्सवर लिहिलेलं स्थिरीकरण, म्हणजे कॅननचं आयएस किंवा निकॉनचं व्हीआर, फक्त पहिल्या दोषावर चालतं. धावत्या मुलाला ते थांबवू शकत नाही. त्याला थांबवायला शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, भराभर उघडून मिटलं पाहिजे, निदान १/२०० सेकंदात. आणि शटर तेवढं जलद करायचं तर तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश आत यायला हवा.

इथे खोक्यातली १८-५५ मिमी लेन्स अडते. ती ५५ मिमीवर नेली की तिचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड, जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंतच उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). संध्याकाळी दिव्याच्या उजेडात, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० ठेवून, अशा लेन्सवर शटर १/२० सेकंदाच्या आसपास येतं. त्याच जागी, त्याच आयएसओवर एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि शटर थेट १/२०० वर जातं. बॉडी तीच, खोली तीच, दिवा तोच. एवढा फरक या तीन बॉडींपैकी कुठलीही बदलून मिळणार नाही, कारण कमी प्रकाशात तिघींचे सेन्सर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकत्या, एकमेकांच्या फार जवळ आहेत.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका बाईंनी दोन लेन्सचा संच घेतला होता. तीन महिन्यांनी त्या कॅमेरा परत द्यायच्या विचारात होत्या, कारण नातवाचे फोटो मोबाइलपेक्षाही वाईट येत होते. मी माझी ५० मिमी एफ १.८ त्यांच्या बॉडीवर चढवली, डायल शटर-प्राधान्यावर (शटरचा वेग आपण ठरवायचा, अॅपर्चर कॅमेऱ्याने) ठेवली, १/२०० लावलं, आयएसओ ऑटोवर सोडला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. दहा मिनिटांनी त्या पडद्यावरचे फोटो पाहत नुसत्या उभ्या होत्या. कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता. त्या रडकुंडीला आल्या होत्या ते त्यांना कुणी ही गोष्ट आधी सांगितली नव्हती म्हणून.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की बजेटमधून एक उजळ प्राइम लेन्स आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत जी बॉडी बसेल ती घ्या. प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. मागे-पुढे तुम्हालाच व्हावं लागतं, पण तिचं अॅपर्चर मोठं असतं आणि ती हलकीही असते.

कुठली प्राइम घ्यायची, हे खोलीच्या आकारावर ठरतं. या बॉडींचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिमी आणि कॅननमध्ये २२.३ बाय १४.९ मिमी. त्यामुळे लेन्सचं दृश्य आकसतं, निकॉनवर दीडपट आणि कॅननवर १.६ पट. कॅननवर ५० मिमी लावली की ती ८० मिमीसारखी वागते. मुलगी पायापासून डोक्यापर्यंत चौकटीत यायची तर कॅमेरा उभा धरूनही अडीच मीटर मागे जावं लागतं. लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ १.८ असेल तर तेच काम पावणेदोन मीटरच्या आत होतं, म्हणून घरासाठी ती मला फार आवडते. कॅननकडे ३५ मिमीची इतकी उजळ, हलकी आणि स्वस्त ईएफ (कॅननच्या डीएसएलआरवर बसणारी) लेन्स नाही. तिथे पर्याय दोन: चेहरे आणि कमरेपर्यंतच्या फोटोंसाठी ५० मिमी एफ १.८ एसटीएम, किंवा सगळी खोली सामावून घेणारी, पुरीसारखी चपटी २४ मिमी एफ २.८ एसटीएम. दुसरीत प्रकाश कमी येतो, पण १८-५५ च्या ५५ मिमी टोकापेक्षा ती तरीही चौपट उजळ आहे.

आपल्याला कुठली लागेल हे ठरत नसेल तर आधी किट लेन्सच, म्हणजे खोक्यातली १८-५५, वापरून बघा. झूम ३५ वर नेऊन रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि चार दिवस तशीच वापरा. मग ५० वर न्या. कुठे गुदमरायला होतं ते लगेच कळतं.

एक इशारा आत्ताच देतो, नाहीतर नवी लेन्स लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी हिरमोड होईल. एफ १.८ वर फोकसची खोली अगदी कमी असते. ५० मिमीवर दीड मीटर अंतरावरून काढलेल्या फोटोत पुढे-मागे मिळून साधारण सहा सेंटिमीटरच स्वच्छ येतं. नाक टोकदार आणि डोळे धूसर, असे फोटो येतात ते यामुळेच. अॅपर्चर स्वतः ठरवत असाल तेव्हा ते एफ २.२ ते २.८ च्या दरम्यान ठेवा, मधला फोकस बिंदू स्वतः निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर धरा. या तिन्ही बॉडींच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) मधलाच बिंदू सर्वांत भरवशाचा आहे. डी ३५०० मध्ये ११ आणि दोन्ही कॅननमध्ये ९ बिंदू आहेत, पण क्रॉस प्रकारचा, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा पकडणारा, तिघांतही मधला एकटाच.

दोन लेन्सच्या संचाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत्ता घेऊ नका. संचातली दुसरी लेन्स बहुधा ७०-३००, ७५-३०० किंवा ५५-२५० मिमीची असते. घरात ती निरुपयोगी, सहलीत बहुतेक वेळ बॅगेत, आणि पक्ष्यांसाठी तुम्हाला वाटतं तेवढी पुरत नाही. लहान पक्षी ३०० मिमीवरही चौकटीत चिमुकला दिसतो. पक्ष्यांचं वेड खरंच लागलं तर तुम्ही वेगळीच लेन्स घ्याल आणि ही पडून राहील. शिवाय या लेन्समध्ये एक फसगत आहे. निकॉनच्या एएफ-पी डीएक्स ७०-३०० च्या दोन आवृत्त्या आहेत, एकीत व्हीआर आहे, दुसरीत नाही, आणि बाहेरून दोघी जवळजवळ सारख्याच. कॅननच्या ७५-३०० च्या ज्या आवृत्तीला संचात हमखास जागा मिळते तिच्यात स्थिरीकरण नाही. इतक्या लांब लेन्सवर हात थोडाही हलला तरी दृश्य बरंच हलतं, तेव्हा इथे स्थिरीकरण नसणं फार महागात पडतं. कॅननमध्ये कधी लांब लेन्स घ्यायचीच झाली तर ५५-२५० आयएस एसटीएम घ्या. किट लेन्सलाही हाच नियम लावा. कॅननची १८-५५ आयएस असलेली आणि नसलेली, दोन्ही मिळतात. लेन्सच्या कडेवरची अक्षरं स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता बॉडीकडे येऊ.

मेगापिक्सेलचं आधी उरकून टाकतो. तिन्ही २४ मेगापिक्सेलच्या आहेत, म्हणजे ६००० बाय ४००० बिंदू. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० बिंदू धरून, २० बाय १३ इंचांची छपाई होते आणि ए४ पानाला ९ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. या आकड्यावरून निवड करू नका.

कॅनन १५००डी मी तिघींत शेवटी ठेवतो. फोटो चांगले देते, पण पडदा जागेवर घट्ट बसवलेला, स्पर्शाने न चालणारा, आणि पडद्यावर बघून फोटो काढायला गेलं की फोकस रेंगाळतो. बॅटरी कंपनीच्या मोजणीनुसार ५०० फोटो देते, तर डी ३५०० ची १५५०. हा फरक सहलीत जाणवतो.

निकॉन डी ३५०० ही मला साध्यासरळ फोटोग्राफीसाठी फार प्रिय बॉडी आहे. बॅटरी आणि कार्डासह ४१५ ग्रॅम, पकड खोल, बोटं आपोआप जागेवर बसतात. उणिवा अशा: पडदा हिचाही स्थिर, बाहेरचा माइक जोडायला जागा नाही आणि उत्पादन बंद झालेलं आहे, त्यामुळे ती बहुधा वापरलेलीच मिळेल. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांमधल्या बॉडींत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्येच असावी लागते. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तर डी ३५०० वर ऑटोफोकस चालेल. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर फोकस हाताने करावा लागेल. जुनी ५० मिमी एफ १.८ डी स्वस्तात मिळाली म्हणून आनंदाने घेऊन आलेले आणि धावत्या मुलामागे हाताने फोकसची रिंग फिरवत बसलेले लोक मी पाहिले आहेत. तिच्याऐवजी त्याच लेन्सची एएफ-एस जी आवृत्ती घ्या. कॅननमध्ये ही अडचण येत नाही. १९८७ साली ईएफ माउंट (लेन्स बसवायची खाच) आला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच आहे, म्हणून त्या काळातली ईएफ लेन्ससुद्धा आजच्या कॅनन डीएसएलआरवर फोकस करते.

२००डी मार्क २ वेगळ्या जातीची आहे. पडदा बाहेर काढून हवा तसा फिरवता येतो, बोटाने चालतो, आणि पडद्यावर बघत असताना ड्युअल पिक्सेल तंत्रामुळे फोकस चटकन आणि अचूक बसतो, चेहरा आणि डोळाही ओळखतो. तुमच्यासाठी याचं मोल मोठं आहे. लहान मुलांचे बहुतेक फोटो फसतात ते मोठ्या माणसाच्या उंचीवरून, खाली वाकून काढलेले असतात म्हणून. कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या पातळीला आला की चेहरा बदलतो, खोली मागे सरते, फोटोत तिचं जग दिसायला लागतं. फिरता पडदा असेल तर जमिनीवर लोळण न घेता कॅमेरा त्या उंचीवर धरता येतो. मी स्वतः मुलांचे फोटो आता जवळजवळ असेच काढतो. व्हिडिओसाठीही तिघींत हीच बरी, माइकची जागाही आहे. फक्त तिच्या ४के वर भुलू नका. त्यात दृश्य आणखी आकसतं आणि ड्युअल पिक्सेल फोकस बंद पडतो. फुल एचडीवर ठेवा.

दोन्ही कॅननमधली एक उणीव जाहिरातीत दिसत नाही. वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला संपर्कबिंदू काढून टाकलेला आहे. कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालणारे साधे फ्लॅश आणि ट्रिगर याच बिंदूवरून पेटतात, ते इथे पेटणार नाहीत. कॅननच्या इतर संपर्कांवर बोलणारा, कॅननसाठीच केलेला फ्लॅश लागेल. पुढे छतावरून उजेड परतवणारा फ्लॅश घ्यायचा विचार असेल, आणि प्राइम लेन्सनंतर तोच घेण्याजोगा आहे, तर हे आधी माहीत असलेलं बरं. नावांचाही घोळ आहे. १५००डी काही देशांत २०००डी म्हणून आणि २००डी मार्क २ हीच २५०डी म्हणून मिळते. कॅमेरा तोच.

माझा कौल असा. बजेटमध्ये २००डी मार्क २ आणि तिच्यासोबत एक प्राइम, दोन्ही बसत असतील तर ती घ्या. बसत नसेल तर प्राइम सोडू नका, बॉडी सोडा. वापरलेली डी ३५०० आणि ३५ मिमी एफ १.८ ही जोडी तुमच्या घरात नुसत्या किट लेन्सवरच्या २००डी मार्क २ पेक्षा चांगले फोटो देईल.

मिररलेसचं काय? कॅनन आणि निकॉन या दोघांचेही नवे डीएसएलआर २०२० नंतर आलेले नाहीत. नव्या लेन्स, नवं संशोधन सगळं मिररलेसकडे गेलं आहे. पेंटॅक्स अजून डीएसएलआरला धरून आहे, पण तिच्या लेन्स शोधाव्या लागतात. तुम्हाला मुख्यतः व्हिडिओ करायचा असेल किंवा मिररलेस बॉडीसोबत उजळ लेन्सही परवडत असेल, तर मिररलेस घ्या, मी अडवणार नाही. पण मिररलेस बॉडी घेऊन त्यावर मंद किट लेन्सच वापरायची वेळ येणार असेल, तर त्या बाईंची कहाणी पुन्हा घडेल. डीएसएलआरच्या वापरलेल्या लेन्स मुबलक आहेत आणि घेतलेल्या लेन्स पुढे वायाही जात नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अॅडॉप्टर लावून आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो, पण त्यात मोटर नसल्याने एएफ-डी लेन्स तिथेही हातानेच फिरवाव्या लागतात. जुनी डी लेन्स न घेण्याचं हे दुसरं कारण.

वापरलेला कॅमेरा घेताना घाई करू नका. निकॉनच्या जेपीईजी फाइलमध्येच आतापर्यंतचे शटरचे ठोके नोंदलेले असतात. विकणाऱ्याकडून ताजा, न छाटलेला एक फोटो मागवा आणि आकडा पाहा. डी ३५०० चं शटर एक लाख ठोक्यांसाठी तपासलेलं आहे. कॅननच्या फाइलमध्ये हा आकडा नसतो, कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. मग एफ १६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी उमटेल. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या कचऱ्याची मात्र धास्ती नको, तो फोटोत येत नाही.

लेन्समधली बुरशी ही खरी भीती. दोन्ही टोपणं काढा, मागून टॉर्चचा झोत तिरका टाका आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा फांद्या दिसल्या तर लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. दोन-चार धूलिकण असले तर हरकत नाही. तुमची लेन्स घरी आल्यावर तिलाही दमट कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरा.

बाकी सामान थोडंच लागतं. एका विश्वासू कंपनीचं कार्ड आणि दुसरी बॅटरी, १५००डी घेतलीत तर ती आधी. ट्रायपॉड निसर्गासाठी उपयोगी, पण हलका आणि डगमगणारा घेण्यापेक्षा थांबा.

पहिल्या आठवड्यात डायल शटर-प्राधान्यावर ठेवा. निकॉनवर तिथे ‘एस’ लिहिलेलं असतं, कॅननवर ‘टीव्ही’. शटर १/२००, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. फोटो दाणेदार दिसला तर घाबरू नका. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा परत आणता येत नाही. आणि कॅमेरा विकत घेण्याआधी हातात घ्याल तेव्हा व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं चिमुकलं चाक आधी फिरवा. ते तुमच्या डोळ्याच्या नंबराला जुळवून घेण्यासाठी असतं. आतली अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत फिरवलं नाही तर चांगला कॅमेराही धूसर वाटेल आणि तुम्ही तो उगाच नाकाराल.